लॉ स्कूलची वेटलिस्ट: डिपॉझिट भरून मोकळं व्हायचं की थांबायचं? (फॉल २०२६)

सरिता_एन | १४ एप्रिल
मंडळी, इथे कुणाच्या मुलांनी अमेरिकेत जेडी (वकिलीची डिग्री) केलंय किंवा करतायत का? आमची लेक यंदा अप्लाय करून बसलीये. एका ठिकाणी ॲडमिशन मिळालीये, निम्म्या ट्यूशनची स्कॉलरशिप आहे, ३० एप्रिलच्या आत डिपॉझिट भरायचंय. दोन ठिकाणी वेटलिस्ट, त्यातली एक शाळा तिची अगदी पहिल्यापासूनची आवडती. बाकीच्यांनी नाही म्हटलंय किंवा अजून हूं की चूं नाही. एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) १६८, जीपीए (कॉलेजच्या ग्रेड्सची सरासरी) ३.८९. आवडत्या शाळेचं एलसॅटचं मीडियन (वर्गातला मधला आकडा) १७० आहे, जीपीएचं ३.८५.
डिपॉझिट भरलं तर वेटलिस्टवरून नाव जातं का? आणि वाट बघायची तर नुसती बघायची की काही करायचं असतं? माझा नवरा म्हणतोय मी सरळ फोन करून विचारतो त्यांना, त्यात काय एवढं. लेक म्हणतेय बाबा फोन करणार असेल तर मी आत्ताच नाव काढून घेते. घरात सध्या असं सगळं चालूय.

न्यू_जर्सी_नाथ | १४ एप्रिल
वेटलिस्टवर नंबर कितवा आहे ते आधी विचारा. पहिल्या पन्नासात असेल तर चान्स आहे, नाहीतर विसरा.

ट्रायलवाला | १४ एप्रिल
नाथराव, ही रेल्वेची वेटिंग नव्हे हो, डब्ल्यूएल ४२ चं ३८ झालं आणि चार्ट लागेपर्यंत आरएसी मिळालं असं इथे नसतं. बहुतेक लॉ स्कूलमध्ये वेटलिस्टला नंबरच नसतात. काही ठिकाणी ‘प्रेफर्ड’ किंवा ‘प्रायॉरिटी’ असा वरचा गट करतात, पण त्यातही पहिला दुसरा असं नाही. जागा रिकामी झाली की त्या दिवशी त्यांना जसा माणूस हवा असेल तसा ते पूर्ण यादीतून शोधतात.
सरिताताई, डिपॉझिट भरल्याने दुसरीकडच्या वेटलिस्टवरून नाव जात नाही, ते बिनधास्त भरा. एलसॅकची (एलसॅट घेणारी संस्था) जी प्रवेशासंबंधीची तत्त्वं आहेत त्यातच म्हटलंय की एका शाळेत डिपॉझिट भरलं असलं, अगदी स्कॉलरशिप घेतली असली तरी दुसऱ्या शाळेची नवी ऑफर स्वीकारायची अर्जदाराला मोकळीक असावी. अपवाद बाइंडिंग अर्ली डिसिजनचा (घेतलंत तर तुमच्याकडेच येईन असं आधीच कबूल करून केलेला अर्ज), तो तुमचा नाही असं धरतो. तरी डिपॉझिटसोबत जे काही सही करायला देतात ते नीट वाचा, एखादी शाळा जास्त मोठी रक्कम घेऊन बाकी अर्ज मागे घ्या म्हणते, पण तिथेही वेटलिस्टचं वेगळं लिहिलेलं असतं बहुतेक वेळा. वाचल्याशिवाय सही नको, हे मी फुकट सांगतोय, एरवी याचेच पैसे घेतो.

निवृत्त_बापूस | १५ एप्रिल
सरिता, तुला स्पष्ट सांगतो, राग मानू नकोस. वेटलिस्ट म्हणजे शाळांची स्वतःची सोय आहे. पोरांना ऑगस्टपर्यंत टांगून ठेवायचं, आणि शेवटच्या क्षणी पूर्ण फी भरायला तयार असेल त्याला आत घ्यायचं. हातात निम्मी माफ झालेली सीट आहे ना? ती घ्या आणि उन्हाळाभर पोरीला सुखाने झोपू द्या. आमच्या पुतण्याला एका शाळेने जुलै संपत आला तरी लटकवलं होतं, शेवटी काहीच नाही, साधं नकाराचं पत्रही नाही.

थ्रीएल_झोपेत | १५ एप्रिल
काकू, मी स्वतः वेटलिस्टवरून आत आलेय, आता शेवटचं सेमिस्टर चालूय, त्यामुळे ताजं आहे सगळं.
१) काकांना फोन करू देऊ नका. प्लीज. प्लीज प्लीज. अर्जदार सज्ञान आहे, पुढे क्लायंटसाठी बोलायला निघालीये आणि ॲडमिशनला बाबा बोलतायत, हे फाइलमध्ये कसं दिसेल बघा. ऑफिस तसंही पालकांशी काही बोलत नाही.
२) पोर्टलमध्ये जाऊन बघा, बहुतेक शाळांना ‘हो, मला वेटलिस्टवर राहायचंय’ असा फॉर्म भरून हवा असतो आणि त्याला मुदत असते. नुसतं ईमेल वाचून गप्प बसलेली मुलं तिथेच गळतात.
३) त्याच ईमेलमध्ये काय पाठवा, काय पाठवू नका हे लिहिलेलं असतं. ‘जास्तीचं काही पाठवू नये’ असेल तर खरंच पाठवू नये, तिथे हुशारी करायची नाही. चालत असेल तर एलओसीआय, म्हणजे मला अजून यायचंय असं सांगणारं पत्र. एक पान, त्याच्यावर एक ओळ नको.
बापूसकाका म्हणतात ते निम्मं खरंय. शाळांचीच सोय आहे ती. पण म्हणूनच ती सोय कशी चालते हे कळलं तर फायदा होतो ना.

मुग्धा_ओ | १६ एप्रिल
मी काही वर्षं एका लॉ स्कूलच्या ॲडमिशन ऑफिसात काम केलंय (नाव सांगत नाही). एप्रिलअखेर डिपॉझिटची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी एक शीट उघडली जाते. किती जणांनी भरलं, त्यांचं एलसॅट मीडियन किती, जीपीए मीडियन किती, २५ आणि ७५ टक्क्यांच्या रेषा कुठे आल्या. वर्ग भरलेला असेल तर वेटलिस्टला हातही लावत नाहीत. कमी असेल तर पहिला प्रश्न ‘कोण चांगलं आहे’ हा नसतो, सगळेच चांगले असतात. पहिला प्रश्न हा असतो की आत्ता कुठला आकडा घसरतोय. हे आकडे दर डिसेंबरात एबीएच्या (अमेरिकेतल्या वकिलांची संघटना) ५०९ रिपोर्टमध्ये सगळ्या जगाला दिसतात, म्हणून एवढी काळजी. २०२३ पासून यूएस न्यूजच्या रँकिंगमध्ये या दोन आकड्यांचं वजन बरंच कमी केलंय आणि नोकरी, बार (वकिलीच्या परवान्याची परीक्षा) पासिंग यांचं वाढवलंय, पण ऑफिसांची सवय काही एका रात्रीत जात नाही.
तुमची लेक जीपीएला मीडियनच्या वर आणि एलसॅटला खाली आहे, म्हणजे रिव्हर्स स्प्लिटर. जीपीएचं मीडियन ३.८५ वरून खाली सरकायला लागलं की अशी मुलं उचलली जातात. एलसॅट घसरत असेल तर १७१ वाला ३.६ जीपीएचा मुलगा आधी जाईल. हे बाहेरून कुणालाच कळत नाही, आणि त्यात तिची काही चूकही नसते.
मग लाटा येतात. मेच्या सुरुवातीला पहिली. वरच्या शाळेने कुणाला उचललं की तो आपलं डिपॉझिट सोडतो, त्याची जागा भरायला आपण कुणाला तरी उचलतो, त्याने खालच्या शाळेत खड्डा पडतो. हे ओरिएंटेशनपर्यंत चालतं, कधी ओरिएंटेशनच्या आठवड्यातही.

न्यू_जर्सी_नाथ | १६ एप्रिल
बाप रे. म्हणजे १६८ चं १७० केलं तर? अजून परीक्षा देता येते का?

मुग्धा_ओ | १६ एप्रिल
येते, आणि वेटलिस्टवर सगळ्यात जास्त फरक पडला तर यानेच पडतो, कारण रिपोर्टमध्ये मुलाचा सगळ्यात वरचा स्कोअर धरतात. जूनचा एलसॅट असतो, निकाल जूनअखेरीस. पण नोंदणीची मुदत परीक्षेच्या महिनाभराहून जास्त आधी संपते, त्यामुळे आजच एलसॅकच्या साइटवर बघा. आणि ती शाळा जूनचा स्कोअर यंदाच्या अर्जाला धरते का हे लेकीने (बाबांनी नाही) ईमेल करून विचारायचं. किती वेळा देता येते त्यालाही मर्यादा आहे, पाच वर्षांत पाचदा, आयुष्यात सातदा.
घरच्या प्रॅक्टिस टेस्टमध्ये सातत्याने १७१-१७२ येत असतील तरच बसावं. १६७-१६९ मध्येच फिरत असेल तर तोच वेळ पत्राला द्या.

सरिता_एन | १८ एप्रिल
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. डिपॉझिट भरतोय. फॉर्म दोन्हीकडे भरला, एकीकडची मुदत खरंच उद्याची होती! एलसॅट ती परत देणार नाही म्हणते, लॉजिक गेम्स (कोड्यांचा भाग) गेल्यावरच्या नव्या पॅटर्नमध्येच दिलाय आणि प्रॅक्टिसलाही १६९ च्या वर फारसं जात नाही.
पत्राचा मसुदा तिने केलाय, इंग्रजीत आहे, मी थोडक्यात मराठीत टाकते, तिची परवानगी घेतलीये (मोठ्या मुश्किलीने).
सुरुवात: ‘आपली शाळा देशातल्या सर्वोत्तम शाळांपैकी एक आहे, आणि न्यायाविषयी मला लहानपणापासून ओढ आहे. आपल्या प्राध्यापकांचं काम आणि शाळेतलं सहकार्याचं वातावरण मला भावतं.’ मग रेझुमेतल्या गोष्टी, मग ‘संधी दिलीत तर मी सोनं करीन’ अशा अर्थाचं.

थ्रीएल_झोपेत | १८ एप्रिल
काकू, तिला सॉरी म्हणा माझ्यातर्फे, पण पहिला परिच्छेद पूर्ण उडवा. तो कुठल्याही शाळेला पाठवता येईल. वाचणाऱ्याकडे त्या आठवड्यात अशा पत्रांचा ढीग असतो, आणि सगळ्यांनाच लहानपणापासून न्यायाची ओढ असते. मलाही होती म्हणे.
रेझुमे त्यांच्याकडे आहेच. अर्ज केल्यानंतर नवीन काय झालं? तेवढंच हवं.

सरिता_एन | १८ एप्रिल
फेब्रुवारीपासून ती भाडेकरूंना मदत करणाऱ्या एका लीगल एड ऑफिसात पार्ट टाइम इनटेक करते. घर खाली करायची नोटीस आलेले लोक फोन करतात, त्यांची माहिती घ्यायची. तिला ते ‘फारसं काही नाही’ वाटतं म्हणून एकाच ओळीत टाकलंय.

ट्रायलवाला | १८ एप्रिल
अहो तेच तर सोनं आहे आणि ते शेवटून दुसऱ्या ओळीत लपवलंय! ती नेमकं काय विचारते फोनवर?

सरिता_एन | १९ एप्रिल
विचारलं तिला. नोटीस कुठल्या तारखेला मिळाली, हातात दिली की दाराला चिकटवली, वर कोर्टाचा केस नंबर आहे की नुसतं मालकाचं पत्र आहे. म्हणे बऱ्याच लोकांना हे दोन वेगळे असतात हेच माहीत नसतं, मालकाचं साधं पत्र आलं की लोक घाबरून सामान बांधतात, आणि खरे कोर्टाचे कागद आले की तेही पत्रच समजून उत्तर द्यायची मुदत घालवतात.

थ्रीएल_झोपेत | १९ एप्रिल
झालं, हाच पहिला परिच्छेद. हे असंच्या असं. मग दुसऱ्यात: त्या शाळेत हाउसिंगची क्लिनिक (विद्यार्थी खऱ्या केसेसवर काम करतात तो कोर्स) आहे का? असेल तर दुसऱ्या वर्षी ती घ्यायचीये, आणि का, ते वरच्या परिच्छेदातून आपोआप कळतंच. तिसऱ्यात दोन ओळी: या सेमिस्टरचे ग्रेड्स लागले की नवीन ट्रान्सक्रिप्ट एलसॅकमार्फत पाठवतेय. आणि शेवटी, खरं असेल तरच, ‘प्रवेश दिलात तर मी नक्की येईन’. हे वाक्य एकाच शाळेला लिहायचं. दोघांना लिहिलं तर एका ठिकाणी खोटं बोलली, आणि या धंद्यात नाव लवकर खराब होतं. दुसऱ्या शाळेला ‘माझ्या वरच्या पसंतींपैकी’ एवढंच पुरे.
तिचं जीपीए हाच तिचा जोर आहे, तेव्हा शेवटच्या सेमिस्टरला ढिलाई नको, मुग्धाताई म्हणतात त्या शीटमधला तो आकडा आहे.
पाठवायचं कधी? डिपॉझिटच्या मुदतीच्या जरा आधी, म्हणजे शीट उघडेल तेव्हा वर असेल. मग जूनच्या आसपास एक छोटी ईमेल, नवीन काही असेल तर. दर आठवड्याला ‘काही कळलं का’ नको.

निवृत्त_बापूस | २० एप्रिल
पत्र चांगलं झालं हो. पण पैशांचं कुणी बोलतच नाहीये. वेटलिस्टवरून घेतलेल्याला स्कॉलरशिप मिळते का? तोवर त्यांची थैली रिकामी झालेली असते, असं मी ऐकून आहे.

ट्रायलवाला | २० एप्रिल
इथे बापूसांशी शंभर टक्के सहमत. काही शाळा देतात, गरजेवर आधारित मदत देणाऱ्या शाळांत नियम सगळ्यांना सारखाच असतो, पण मेरिटचे पैसे बहुतेक एप्रिलपर्यंत वाटून झालेले असतात. आणि यंदा एक मोठा बदल आहे जो गेल्या वर्षीपर्यंतच्या सल्ल्यांमध्ये तुम्हाला दिसणार नाही. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस लोन बंद. आत्तापर्यंत शाळेचा जो काही एकूण खर्च असेल तेवढं फेडरल कर्ज मिळायचं, लोक डोळे मिटून सही करायचे. आता जेडीसारख्या प्रोफेशनल डिग्रीला फेडरल कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर, एकूण २,००,०००.
मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या खासगी शाळेचा राहण्याखाण्यासकट खर्च वर्षाला एक लाखाच्या वर सहज जातो. वरचे पन्नास हजार कुठून? प्रायव्हेट लोन, म्हणजे कोसायनर (कर्जाला जामीन), म्हणजे सरिताताई तुम्ही किंवा तुमचे मिस्टर. तीन वर्षांचे दीड लाख. आणि फेडरलला जी सार्वजनिक सेवेत दहा वर्षं काम केल्यावरची माफी आहे ती प्रायव्हेटला नाही. तुमच्या लेकीचा कल लीगल एडकडे दिसतोय, तिथले पगार मला माहीत आहेत, म्हणून जरा जोर देऊन लिहितोय.
आज रात्री तिघं बसा आणि आवडत्या शाळेसाठी एक आकडा ठरवा. किती स्कॉलरशिप असेल तर हो, किती खाली नाही. आत्ता ठरवा, कारण फोन येतो तेव्हा उत्तर द्यायला एक-दोन दिवस मिळतात, कधी त्याहून कमी, आणि त्या दोन दिवसांत आनंदाच्या भरात कुणाला भागाकार जमत नाही.

मुग्धा_ओ | २० एप्रिल
यात एक जोड. हातात असलेली निम्मी स्कॉलरशिप कंडिशनल आहे का ते बघा, म्हणजे अमुक जीपीए किंवा अमुक रँक राखली तरच पुढे चालू असं काही. लॉ स्कूलमध्ये पहिल्या वर्षी कर्व्हवर ग्रेडिंग असतं, सगळ्यांना चांगले ग्रेड मिळूच शकत नाहीत. कंडिशनल देणाऱ्या शाळांना दरवर्षी किती जणांची कमी झाली किंवा गेली हे जाहीर करावं लागतं.

सरिता_एन | २१ एप्रिल
बघितलं, कंडिशनल नाही. ‘गुड स्टँडिंग’ (नापास न होता टिकून राहणं) एवढंच लिहिलंय. हुश्श. पत्र काल गेलं. फोन करायचा विषय घरात बंद झालाय.

मीरा_ऑस्टिन | २ मे
मी हा धागा वाचतेय, मध्येच विचारते. आमचा मुलगा एच-४ वर (आमच्यावर अवलंबून म्हणून मिळालेला व्हिसा) होता, आता एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) आहे, यंदा डिग्री होईल. त्यालाही एक वेटलिस्ट आहे. त्याच्यासाठी काही वेगळं?

ट्रायलवाला | २ मे
फेडरल कर्ज त्याला मिळणारच नाही (ग्रीन कार्ड नसेल तर), त्यामुळे पैशांचं गणित अजून कडक. दुसरं, डिपॉझिट भरलेली शाळा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी शाळेने द्यायचा कागद) देईल, त्याचा सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) तिकडे ट्रान्सफर होईल, आणि नंतर वेटलिस्टवरून वेगळ्या शाळेचा फोन आला तर तो परत हलवावा लागेल. होतं, पण ट्रान्सफरची तारीख उलटायच्या आधी सांगितलं तर सोपं, नंतर दोन्हीकडच्या इंटरनॅशनल ऑफिसांशी बोलावं लागतं. त्याच्या आत्ताच्या कॉलेजच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं बघणारा अधिकारी) आजच कल्पना देऊन ठेवा.

सरिता_एन | ११ जून
अपडेट. परवा दुपारी आवडत्या नाही, दुसऱ्या शाळेतून लेकीला फोन आला. सीट आहे, ४८ तासांत सांगा, स्कॉलरशिप काही नाही, नंतर अर्ज करून बघा म्हणाले. ही शाळा रँकिंगला हातातल्या शाळेच्या बरीच वर आहे. नवऱ्याचा चेहरा खुलला होता एकदम. मग एप्रिलमध्ये लिहून फ्रीजवर लावलेला कागद काढला. ठरवलेल्या आकड्याच्या जवळपासही नाही. तिने ईमेल करून विचारलं थोडी तरी मदत होईल का, सकाळी उत्तर आलं की या टप्प्यावर शक्य नाही, अगदी सभ्य भाषेत. तिने नाही कळवलं. नवरा अजून धुमसतोय, म्हणतो एकदाच मिळते अशी संधी.

निवृत्त_बापूस | ११ जून
पोरगी शहाणी आहे.

न्यू_जर्सी_नाथ | ११ जून
मला मात्र मिस्टरांचं पटतंय. वरच्या शाळेतून पहिला पगारच एवढा मिळतो की कर्ज फिटून जाईल.

ट्रायलवाला | ११ जून
मोठ्या फर्ममध्ये गेली तर, नाथराव. तिला जायचंय लीगल एडला. आणि अगदीच वाटलं तर पहिल्या वर्षानंतर ट्रान्सफरचा रस्ता आहे. वर्गात वरच्या थरात आली तर वरच्या शाळा दुसऱ्या वर्षाला घेतात, जॉर्जटाउनसारख्या शाळा तर दरवर्षी भरपूर घेतात. तिथेही स्कॉलरशिप सोडून जावं लागतं आणि मित्रमंडळ नव्याने जमवावं लागतं, म्हणून त्या भरवशावर शाळा निवडू नये, एवढंच.

थ्रीएल_झोपेत | १२ जून
काकू, आवडतीच्या वेटलिस्टवर राहायचं की नाही हेही आता विचारा तिला. राहायचं असेल तर ग्रेड्स लागले असतील, नवीन ट्रान्सक्रिप्टसोबत तीन ओळींची ईमेल टाकू दे. मात्र घराचं लीज त्यासाठी थांबवू नका. लीजमध्ये सबलेट करता येतं का बघून डिपॉझिटवाल्या शहरात घर घेऊन टाका, चांगली घरं जुलैत संपतात.

सरिता_एन | १२ जून
राहतेय ती. ग्रेड्स उत्तम आलेत, जीपीए ३.९१ झाला. घर बघायला या वीकेंडला जातोय.

चिन्मय_आयओए | १४ जून
काकू, तुम्ही नाही म्हटलेली शाळा कुठली ते व्यनिमध्ये (खासगी निरोपात) सांगाल का? मी पण एका वेटलिस्टवर आहे, तीच असेल तर ती सीट आता मोकळी झाली ना?

मुग्धा_ओ | १४ जून
चिन्मय, सीट मोकळी झाली असेलही, पण ती ३.९ जीपीएवाल्याची होती आणि त्यांना परत तसाच कुणी हवा असेल. तुझे आकडे त्यांच्या मीडियनच्या कुठल्या बाजूला आहेत? आणि पत्र पाठवलंयस का अजून नाही?

चिन्मय_आयओए | १४ जून
एलसॅट वर, जीपीए खाली. पत्र एप्रिलमध्ये पाठवलं होतं. त्यात ‘लहानपणापासून न्यायाची ओढ’ आहे 🙈

थ्रीएल_झोपेत | १४ जून
😂 एप्रिलनंतर नवीन काय केलंस ते इथे टाक, बघू.